मोरीचं पाणी

पंचफुलानं मोरीच्या भोकावरचा दगड सरकवला, तर पाणी खाली जायचं सोडून वर आलं आणि तिच्या पावलांवरून पसरलं. साबणाचा फेस, भाताची शितं, राखेचा गाळ, आणि त्या सगळ्याखालून एक आंबूस वास. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, बादली घेतली आणि पाणी उपसून परसात फेकायला लागली. परस कसलं, चार भिंतींच्या आतला एक ओला चौकोन. पलीकडे मंजुळाबाईचं घर. भिंत ओली झाली की मंजुळाबाई काही बोलत नसे, फक्त तिकडून खाकरायची.

तळघरातून मोटरचा आवाज येत होता. ती फिरत होती, पण आवाजात ओझं नव्हतं. पाणी खेचणारी मोटर घुमते. ही नुसतीच भणभणत होती.

"खेचून नाई राह्यली," शालिग्रामचा आवाज खालून आला. "तुहं ते धुनं-भांडं बंद कर."

"कवाचंच बंद केलं," पंचफुला म्हणाली आणि पुढची बादली भरली.

शालिग्रामचं मेहकरात भाजीपाल्याच्या बियाण्याचं दुकान होतं. कांदा, मेथी, वांगी, पालक. पुढच्या खोलीत दुकान, दुकानाखाली तळघर, आणि तळघरात पोत्यांच्या थप्प्या. स्वयंपाकघर आणि न्हाणी घराच्या मागच्या, उताराच्या अंगाला होती. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली पुढच्या सडकेवर खडी पडली, मग डांबर आलं, आणि सडकेबरोबर तिच्या कडेची नालीही वर चढली. घर होतं तिथंच राहिलं. मोरीचं पाणी जायला वाट उरली नाही. पुढे गावात वीज आली तेव्हा शालिग्रामनं तळघराच्या कोपऱ्यात विटांचा हौद बांधून घेतला, दोन्ही मोऱ्यांचं पाणी त्यात सोडलं, आणि ते वरच्या नालीत फेकायला मोटर बसवली. हौदाचा काठ त्यानं मोऱ्यांच्या भोकांपेक्षा वीतभर उंच ठेवला. कधी मोटर बंद पडलीच, तर पाणी आधी मोरीतून वर यावं, बियाण्यात सांडू नये, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब अगदी बरोबर उतरला होता. पंचफुला त्यातच उभी होती.

दुपारी कडूबा मिस्त्री आला. यापूर्वीही तो येऊन गेला होता. तेव्हा त्यानं विजेचा दाब कमी आहे म्हणून सांगितलं होतं. पुढच्या खेपेला मोटरमधली गळती अडवणारी दोरी बदलली होती. या वेळी त्यानं स्टुलावर उभं राहून हौदाचं झाकण काढलं आणि पाण्यात सोडलेली रबरी नळी वर ओढली. नळीच्या टोकाला जाळीचा एक बोंडासारखा डबा होता. मिस्त्री त्याला फुटबॉल म्हणायचा. त्या फुटबॉलला करड्या रंगाचा, बुळबुळीत असा गुंडाळा बसला होता. कडूबानं तो चिमट्यानं तोडून तोडून काढला आणि पाटीत टाकला.

"काय व्हय हे?" शालिग्रामनं विचारलं.

"चिंध्या दिसतात, भाऊ."

तळघराच्या पायऱ्यांवर, वरच्या अंगाला, सोजराबाई बसल्या होत्या. शालिग्रामची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातल्या पोत्याचं तोंडसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय सुटत नसे. त्या पाटीकडे पाहत राहिल्या आणि मग कोणाकडेच न पाहता म्हणाल्या,

"सूनबाईच्या असतीन."

कडूबानं मान खाली घातली आणि पक्कड पुसायला लागला. शालिग्रामनं वर पाहिलं. पंचफुला सर्वांत वरच्या पायरीवर रिकामी बादली धरून उभी होती. तिचे कान तापले. परक्या माणसासमोर, दिवसाढवळ्या. आपण तसलं काही मोरीत टाकत नाही, दर महिन्याला परसातल्या कोपऱ्यात पुरतो, हे तिला सांगता आलं असतं. पण तेही परक्या माणसासमोरच सांगावं लागलं असतं.

ती बादली घेऊन आत गेली.

संध्याकाळी शालिग्राम जेवताना फक्त एवढं म्हणाला, "खाली कांद्याचं बी हाये. ओल लागली तर मातीमोल होते. काही समजते का तुले?"

पंचफुलानं भाकरी वाढली. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं. दर महिन्याचे चार दिवस ती चुलीपासून दूर बसायची, आणि त्या चार दिवसांत सोजराबाई सारा स्वयंपाक स्वतः करायच्या, भांडी आपटत. सोजराबाईंनी गुरूचा मंत्र घेतलेला होता. त्यांची घागर वेगळी, त्यांची शिवाशिव कडक. बाहेर बसलेल्या सुनेला पाणीसुद्धा त्या वरून ओतायच्या. आता त्या चिंध्यांचा बोभाटा झाल्यावर पंचफुलाला वाटलं, जणू तिच्या रिकाम्या महिन्यांचा गुंडाळाच कोणीतरी हौदातून काढून पाटीत टाकला.

शालिग्रामनं स्वयंपाकघरातल्या मोरीला बारीक जाळी ठोकून घेतली. त्या जाळीतून शितसुद्धा खाली जात नसे. पंचफुला रोज जाळी खरवडायची. राख वापरणंही तिनं सोडलं, भांडी नुसत्या मातीनं घासून माती बाहेर टाकायची. आठवडा बरा गेला. मग पुन्हा मोरी गुळगुळ बोलायला लागली आणि एका सकाळी पाणी वर आलं.

या वेळी शालिग्राम ओरडला नाही. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं. ते जास्त वाईट होतं.

पंचफुला मात्र त्या दिवशी जाळीसमोर उकिडवी बसून विचार करत राहिली. या मोरीतून काही जात नाही. म्हणजे जे जातं ते न्हाणीतून जातं. न्हाणीत तिघं अंघोळ करतात. ती स्वतः, मालक, आणि सासू, आत्याबाई. आत्याबाई सगळ्यांच्या आधी उठतात. हल्ली तर फारच आधी. न्हाणीत त्यांना वेळ लागतो. परवा त्या बाहेर आल्या तेव्हा भिंतीला हात धरून उभ्या होत्या, आणि पंचफुलानं विचारलं तर म्हणाल्या, पाय घसरला.

एवढ्यावर तिनं विचार थांबवला. पुढचा विचार करायची तिला भीती वाटली.

माघात शालिग्राम कांद्याचं बी पाहायला वडनेर भोलजीला गेला. तिकडच्या भगवंतराव नावाच्या मोठ्या बागायतदाराशी त्याचा व्यवहार होता. तो दोन मुक्काम करून येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी भरली. पंचफुलानं बटण दाबलं. मोटर भणभणली, पाणी काही चढलं नाही. तिनं बटण बंद केलं.

कडूबाला बोलावणं पाठवता आलं असतं. तिनं नाही पाठवलं. दुकानाचं दार आतून लावलं, लुगडं खोचलं आणि तळघरात उतरली. स्टुलावर चढून हौदाचं झाकण काढलं तेव्हा वासानं तिचा श्वास अडला. काठाखाली वीतभरापर्यंत चढलेलं काळं पाणी. तिनं बादलीनं उपसायला सुरुवात केली. बादली भरायची, पायऱ्या चढून परसात ओतायची, पुन्हा खाली. हात भरून आले. हौद अर्धा झाला तेव्हा तिनं रबरी नळी दोन्ही हातांनी धरली, पोटाशी घेतली आणि मागे ओढली. फुटबॉल वर आला.

जाळीवर तोच गुंडाळा होता. पण हा ताजा होता, अजून कुजला नव्हता. तिनं बोटांनी तो उलगडला. कापडाच्या लांब पट्ट्या. नीट फाडलेल्या, घडी घातलेल्या. पाण्यानं काळ्या झाल्या होत्या, पण मधोमधचा तपकिरी डाग पाण्यानं गेला नव्हता. एका पट्टीला काठ होता. तिनं तो अंगठ्यानं पुसला. खालून बारीक लाल रेघ निघाली, तिच्याजवळ निळी.

धोतराचा काठ. शालिग्राम पायजमा घालायचा. या घरात असं धोतर एकच माणूस नेसायचा, तिचा गेलेला सासरा, आणि त्याच्या धोतरांच्या घड्या सोजराबाईंच्या पेटीत होत्या. त्या पेटीला कोणी हात लावत नसे.

पंचफुला स्टुलावरून खाली उतरली आणि बियाण्याच्या पोत्याला टेकून उभी राहिली. तिला आधी राग आला. मग तिला ते भिंतीला धरलेले हात आठवले, आणि राग तिथंच अडकून राहिला. खालीही जाईना, वरही येईना.

तिनं पट्ट्या पाटीत घातल्या, वरून फडकं झाकलं, नळी परत सोडली, मोटर चालू करून हौद रिकामा केला. हातपाय धुतले. मग पाटी घेऊन सोजराबाईंच्या खोलीत गेली.

सोजराबाई घोंगडीवर पडल्या होत्या. दिवसा पडणारी बाई नव्हती ती. पंचफुलानं पाटी खाली ठेवली आणि फडकं बाजूला केलं.

सोजराबाईंनी पाहिलं.

"झाक ते," त्या म्हणाल्या.

पंचफुलानं झाकलं.

"लय दुखते का, आत्याबाई?"

"नाई."

"किती जाते?"

"तुले काय कराचं हाये?"

पंचफुला खाली बसली. "मिस्त्रीपुढं मायं नाव घेतलं तुमी."

"मंग कोनाचं घेऊ?" सोजराबाई छताकडे पाहत म्हणाल्या. आवाजात ना राग होता ना माफी. "केसं पांढरे झाले. कपाळ मोकळं झालं. अन् आता हे. कोनाले सांगू? मंजुळाले? गावातल्या बाया काय म्हनतीन, समजते का तुले? रांडमुंड बाईले कायचा विटाळ, म्हनतीन."

"हे विटाळाचं नाई. दुखनं हाये."

"रगत ते रगत."

बाहेर सडकेवरून एसटी गेली आणि खिडकीची फळी थरथरली. सोजराबाईंनी कूस बदलायचा प्रयत्न केला आणि मधेच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून पंचफुलानं हात पुढे केला.

"शिवू नको," सोजराबाई म्हणाल्या. "मी रोज शिवाशिव करून राह्यली. देवाले बी, चुलीले बी. तेच पाप लागलं."

पंचफुलाचा हात तसाच राहिला.

"शालिग्रामले सांगशीन तर हिरीत जाईन," सोजराबाईंनी डोळे मिटले. "इतकंच सांगून ठेवते."

शालिग्राम वडनेरहून आला तेव्हा मोटर चालू होती आणि मोऱ्या कोरड्या होत्या. त्याला बरं वाटलं. तो जेवून उठला तेव्हा पंचफुलानं दाराशी उभं राहून म्हटलं,

"मले अकोल्याले दाखवाचं हाये. मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर हाये म्हनतात."

तो हात पुसता पुसता थांबला. मुलासाठी दाखवून घे, असं तो किती दिवस म्हणत होता. तीच लाजत होती.

"जाऊ ना मंग. मी येतो."

"बायाबायाचं असते तठी. आत्याबाईले नेते संगं."

शालिग्रामला ते पटलं. त्यानंच आईला जाऊन सांगितलं. सोजराबाईंनी दारातून सुनेकडे पाहिलं. पंचफुलानं नजर हलवली नाही. सोजराबाई म्हणाल्या, "जाते बापा. सुनेसाठी जा लागते."

एसटी जानेफळवरून खामगावला गेली आणि तिथून दुसरी गाडी अकोल्याला. जानेफळ पंचफुलाचं माहेर. गाडी थांबली तेव्हा तिला खिडकीतून चुलतभाऊ दिसला, शेंगांचं पोतं टपावर चढवत होता. तिनं पदर पुढे ओढला. त्यानं विचारलं असतं कुठं चालली, आणि तिला खोटं बोलावं लागलं असतं. सोजराबाई बाकावर बुडाखाली घोंगडीची घडी घालून बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला त्यांचे ओठ आत जायचे. पण तोंडातून आवाज निघाला नाही.

दवाखान्यात पडद्यामागे त्यांना नेलं तेव्हा पंचफुलाला बाहेर थांबायला सांगितलं. ती बाकावर बसली. पडद्याच्या फटीतून तिला सोजराबाईंची पावलं दिसत होती. भेगा पडलेली, जोडवी नसलेली बोटं. ती एकदा ताठ झाली आणि मग बराच वेळ तशीच राहिली.

बाई डॉक्टर वयानं पंचफुलाएवढीच असेल. हात धुऊन ती बाहेर आली आणि तिला थोडं बाजूला नेलं.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"सून."

"मुलगा नाही आला?"

"नाई."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे. ती बाजूला पसरली आहे. आधी आला असतात तर काही करता आलं असतं. आता उशीर झालाय."

"काहीच नाई?"

"मुंबईला किरणांचा शेक देतात. नेलंत तर त्रास थोडा कमी होईल. बरं होईल असं मी सांगणार नाही." मग हळू आवाजात, "दुखायला लागेल. त्यासाठी गोळ्या देते. स्वच्छ ठेवा त्यांना. आणि रोज कोणीतरी जवळ हवं."

सोजराबाई पडद्यामागून बाहेर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसल्यावर म्हणाल्या, "काय म्हने ते पोरगी?"

"मुंबईले चला म्हने."

"त्याच्यानं बरं होईन?"

पंचफुलानं खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते तिला जमलं नाही.

"मंग काऊन जा लागते," सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी पंचफुलाचं मनगट पकडलं. स्वतःहून, चारचौघांत. पकड अजून जोरकस होती. "मायी शपथ हाये तुले. शालिग्रामले सांगू नको. लेकाले आईचं हे असं समजू नये."

"मंग त्यायनं मले पुसलं तर काय सांगू?"

सोजराबाईंनी हात सोडला.

मेहकरला पोचल्या तेव्हा दिवेलागण होत होती. शालिग्राम दुकानाच्या उंबऱ्यावर वाट पाहत होता. आई आत गेल्यावर तो पंचफुलाच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. आजवर तो असा कधी आला नव्हता.

"काय म्हने डॉक्टरीन?"

पंचफुला चूल पेटवत होती. मधल्या दारापलीकडे सोजराबाईंच्या हालचालीचा आवाज येत होता. तो आवाज थांबला.

"उशीर झाला म्हने," पंचफुला म्हणाली.

शालिग्रामनं खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर गेला.

त्यानंतर मोटर तुंबली नाही. पंचफुला रोज पहाटे सोजराबाईंना न्हाणीत नेई, स्वतः धुई, आणि पट्ट्या परसातल्या कोपऱ्यात पुरून वर राख टाकी. पेटीतली धोतरं संपली तेव्हा तिनं स्वतःचं एक जुनं लुगडं फाडलं. पहिले काही दिवस सोजराबाई डोळे मिटून घ्यायच्या. पुढे उघडे ठेवू लागल्या. दोघी बोलत नसत. एकदा शालिग्राम कडूबाला दुकानात सांगत असलेला तिनं ऐकला, "घरच्यांनीच समजून घेतलं बे, चिंध्या टाकनं सोडलं. मोटरचा काही दोष नव्हता." कडूबा हसला. पंचफुला आत वाटण वाटत होती. वरवंटा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

सोजराबाई पडूनच असतात, हे शालिग्रामला दिसत होतं. म्हातारपण म्हणून त्यानं ते बाजूला ठेवलं. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो वडनेर भोलजीला वरचेवर जायला लागला. बियाण्याचे दिवस संपले होते, तरी जात होता.

त्याचं कारण पंचफुलाला मंजुळाबाईनं सांगितलं. भिंतीवरून, या वेळी न खाकरता.

"भगवंतरावची भाची हाये म्हनते. बापाविना पोरगी. तुले ठेवून घेतीन, हाकलनार नाई. पन तू आताच आपल्या जागेवर बसून घे व माय."

"दुसरी बायको नाई कराची असा कायदा झाला ना," पंचफुला कशीबशी म्हणाली.

"कायदा बुलढान्याले असते."

त्या दिवशी सोजराबाईंना पुसताना तिचे हात नीट चालत नव्हते. पाणी घोंगडीवर सांडलं. सोजराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आता त्या फार वाळल्या होत्या, डोळे मोठे दिसायचे.

"मंजुळा काय म्हने?"

"काई नाई."

"आयकू येते मले. अजून कान गेले नाई."

पंचफुलानं फडकं पिळलं. तिला वाटलं, आता म्हणतील. सोड शपथ, सांग त्याले. ती वाट पाहत राहिली. सोजराबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. पंचफुला बादली घेऊन बाहेर आली, आणि परसात त्या ओल्या चौकोनात उभं राहून पहिल्यांदाच तिनं सासूला मनातल्या मनात शिवी दिली. मग परत आत जाऊन तिच्या गोळीला पाणी दिलं.

वैशाखात भगवंतराव आले. अंगानं भरलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. ओसरीवर सतरंजी टाकली होती. शालिग्रामनं त्यांना तक्क्याशी बसवलं. आधी पाण्याचं, मग भावाचं बोलणं झालं. पंचफुला चहा घेऊन दारात आली तेव्हा भगवंतरावांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, भाव करायच्या आधी बैलाकडे पाहतात तसं, आणि नजर फिरवली.

"आता बाईचा दोष डॉक्टरनंच सांगतला म्हनल्यावर," ते शालिग्रामला म्हणाले, "तिच्याबी मनात काही राहाचं कारन नाई. पोरगी साधी हाये. दोघी बहिनीवानी राहतीन."

शालिग्राम सतरंजीचा दोरा ओढत होता. "मायचं मन इचारा लागते," तो म्हणाला.

आतून घसटल्याचा आवाज आला. सोजराबाई भिंत धरून दारात आल्या होत्या. गेल्या कित्येक दिवसांत त्या न्हाणीपलीकडे गेल्या नव्हत्या. पंचफुला चहाची थाळी खाली ठेवून धावली, तर त्यांनी हातानं तिला थांबवलं. एकेक पाऊल टाकत त्या ओसरीवर आल्या. भगवंतराव उठून सतरंजीवर सरकले, जागा करून दिली.

"या ना आजी. बसा इथं."

सोजराबाई सतरंजीवर बसल्या नाहीत. ओसरीच्या टोकाला, उघड्या फरशीवर, सगळ्यांपासून वेगळ्या बसल्या. बसताना त्यांचा श्वास तुटला. मग त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला.

"चहा दे, सूनबाई," त्या म्हणाल्या. "वरून ओत. शिवू नको. मी बाहेरची हाये."

भगवंतराव हसले. मग आपण एकटेच हसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. "आजीचं जरा..." असं म्हणून त्यांनी शालिग्रामकडे पाहत कपाळाजवळ बोट नेलं.

शालिग्राम आईकडे पाहत होता.

"डोकं शाबूत हाये मायं," सोजराबाई भगवंतरावांना म्हणाल्या. "अकोल्याले ह्या पोरीले नाई दाखवलं. मले दाखवलं. उशीर झाला म्हने, ते मले म्हने. हिच्या अंगाले डॉक्टरनं हातबी नाई लावला."

पंचफुलानं सासूसाठी उचललेली कपबशी खांबाशी ठेवली.

"कवापासून, माय?" शालिग्रामनं विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

सोजराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या सडकेकडे पाहत राहिल्या.

"तुही मोटर तुंबाले लागली तवापासून."

भगवंतरावांनी टोपी घातली. गाडीची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटले, चपला शोधल्या आणि पायऱ्या उतरले. कोणी पोचवायला उठलं नाही.

पंचफुला पुढे झाली. सोजराबाईंच्या काखेत हात घालून तिनं त्यांना उठवलं. त्यांनी अंग चोरलं नाही. सगळा भार तिच्यावर टाकला. भार तो कितीसा होता. दोघी दारातून आत गेल्या.

त्या जिथं बसल्या होत्या तिथं फरशीवर डाग राहिला होता. शालिग्राम त्याच्याकडे पाहत बसला. ऊन ओसरीवर आलं, डागाच्या कडा सुकायला लागल्या. मग तो उठला, आणि पाण्याचा तांब्या आणि फडकं आणायला मोरीकडे गेला.